एका वाणावर भागत नाही : बोर्दोच्या लाल वाइनचे मिश्रण

नाशिक, सांगली, सोलापूर या भागांतील द्राक्षबागायतदारांना 'बोर्डो' हा शब्द नवा नाही. मोरचूद आणि चुना पाण्यात कालवून केलेले निळसर बोर्डो मिश्रण केवडा रोगावर फवारायचे, हे बागेत वावरणाऱ्या शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. हे नाव ज्या शहरावरून पडले ते बोर्दो फ्रान्सच्या नैर्ऋत्येस, अटलांटिक महासागरापासून जवळ आहे. तेथील विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ अलेक्सी मिलार्दे १८८२ साली मेडॉक भागात फिरत असताना त्यांना दिसले की, आतल्या ओळींची पाने केवड्याने गळून गेली आहेत, रस्त्याकडेच्या वेली मात्र हिरव्यागार आहेत. चौकशी केल्यावर कळले की, येणाऱ्याजाणाऱ्यांनी घड तोडू नयेत म्हणून कडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडला होता. त्यावर प्रयोग करून मिलार्दे यांनी १८८५ साली आपला उपाय प्रसिद्ध केला.

केवडा ओल्या हवेत फोफावतो, आणि बोर्दोची हवा ओली आहे. तेवढेच नव्हे, ती लहरीही आहे. एप्रिलमध्ये कोवळे फुटवे आलेले असताना एखाद्या रात्री तापमान शून्याखाली जाते. जूनमध्ये वेल फुलोऱ्यात असताना थंड पाऊस येतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात घड तयार होत आले की महासागरावरून पुन्हा ढग येतात. रोगावर मोरचुदाची तोड निघाली, पण हवेवर फवारणी करता येत नाही. तिच्यावरची बोर्दोची तोड म्हणजे एकाच वाणावर भिस्त न ठेवणे. येथील नामांकित लाल वाइन जवळजवळ नेहमीच दोन, तीन किंवा चार वाणांच्या वाइन एकत्र करून बनते. हे मिश्रण म्हणजे घटकांची साधी सरासरी असती तर त्यात सांगण्यासारखे फारसे नव्हते. तसे ते नसते, म्हणून हा लेख.

वाइनचे नाव निघताच काही शिक्षकमित्र भुवया उंचावतील, आणि ते रास्तच आहे. वाइन हे मद्य आहे आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ सालीच मद्याची नोंद माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या घटकांत केली आहे. आम्हाला येथे तिची भलामण करावयाची नाही. मात्र वनस्पतिशास्त्र, हवामान आणि रसायनशास्त्र हे तीन विषय एकाच पिकाच्या संदर्भात इतक्या सहज एकत्र आलेले क्वचितच दिसतात.

एकाच घरातले वाण

बोर्दोत लाल वाइनसाठी परंपरेने सहा वाण मान्य आहेत. त्यांतील मुख्य दोन म्हणजे काबर्ने सोव्हिन्याँ (पुढे आम्ही याला नुसते काबर्ने म्हणू) आणि मेर्लो. तिसरा काबर्ने फ्राँ. पती व्हेर्दो, मालबेक आणि कार्मनेर हे उरलेले तीन आता थोड्या प्रमाणातच आढळतात.

१९९७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील जॉन बॉवर्स आणि कॅरोल मेरेडिथ यांनी डीएनएच्या ठशांवरून दाखवून दिले की, काबर्ने हा वाण काबर्ने फ्राँ आणि सोव्हिन्याँ ब्लाँ यांच्या संकरातून जन्मला आहे. यातला पहिला काळा, तर दुसरा पांढरा. हा संकर कोणी मुद्दाम केलेला नव्हता. शेजारशेजारच्या वेलींत आपोआप घडलेला होता. पुढे २००९ साली फ्रेंच संशोधकांनी मेर्लोचेही पालक शोधले. त्यांतला एक पुन्हा काबर्ने फ्राँच निघाला. दुसरा मादलेन न्वार दे शाराँत नावाचा, विस्मृतीत गेलेला वाण होता. त्याच्या मोजक्याच वेली ब्रिटनी आणि शाराँत भागात सापडल्या होत्या. म्हणजे काबर्ने आणि मेर्लो ही एका पालकाकडून नात्याने जोडलेली सावत्र भावंडे आहेत. कार्मनेरही याच काबर्ने फ्राँचे अपत्य आहे.

आनुवंशिकता शिकवताना या कुटुंबाचा चांगला उपयोग होतो. द्राक्षाच्या सालीचा काळा रंग प्रभावी आणि पांढरा अप्रभावी असतो. काबर्नेला पांढऱ्या पालकाकडून एक अप्रभावी जनुक मिळालेला असल्यामुळे त्याच्या बियांपासून रोपे केली तर काहींना पांढरी द्राक्षे येतात. म्हणूनच बागेत वेल बियांपासून कधीच करत नाहीत, काडीच लावतात.

भावंडे असली तरी दोघांचे वेळापत्रक वेगळे आहे, आणि बोर्दोच्या मिश्रणाचे पहिले मर्म त्यातच आहे. मेर्लोचे डोळे लवकर फुटतात, मण्यांत पाणी लवकर उतरते, घडही काबर्नेच्या आधी साधारण एक ते दोन आठवडे तयार होतात. काबर्ने उशिरा फुटतो, उशिरा पिकतो. एप्रिलच्या गारठ्यात मेर्लोचे फुटवे करपतात तेव्हा काबर्नेचे डोळे पुष्कळदा मिटलेलेच असतात. मेर्लोला फुलगळीचाही मोठा धोका असतो. १९८४ साली फुलोऱ्यातील थंडी-पावसाने मेर्लोची फळधारणा जवळजवळ झालीच नाही. त्या वर्षीची वाइन काबर्नेवरच तरली. १९६४ साली नेमके उलटे घडले. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात संततधार लागली. मेर्लो त्याआधीच तोडून झाला होता, पण मेडॉकमध्ये ज्यांनी काबर्नेची गोडी वाढावी म्हणून वाट पाहिली त्यांचे घड पावसात सापडले.

आपल्याकडे कोरडवाहू शेतकरी ज्वारीत तूर पेरतो त्यामागेही हाच विचार असतो. फरक एवढाच की, बोर्दोत दोन्ही पिके शेवटी एकाच पिंपात जातात.

जमिनीचाही यात वाटा आहे. गारोन आणि दोर्दोन्य या नद्या बोर्दोच्या उत्तरेस मिळून जिराँदची रुंद खाडी बनते. खाडीच्या डाव्या काठाला, म्हणजे मेडॉकमध्ये, नद्यांनी प्राचीन काळी आणून टाकलेल्या गोट्यांचे उंचवटे आहेत. सतराव्या शतकात डच अभियंत्यांनी भोवतालच्या दलदलीचे पाणी काढून दिल्यावर हा भाग लागवडीस आला. या गोट्यांतून पाणी झटकन निचरते, आणि ते दिवसा तापून राहतात. अशा जमिनीत उशिरा पिकणारा काबर्नेही पुरता पिकतो. उजव्या काठावरच्या पोमेरोल आणि सेंतेमिलियाँ भागांत चिकणमाती आणि चुनखडी आहे. चिकणमाती ओल धरते, थंड राहते. तेथे काबर्ने बहुधा अर्धकच्चा राहतो, मेर्लो मात्र छान पिकतो. म्हणून डाव्या काठावरच्या शातो लातूरच्या वाइनमध्ये (आपल्या लातूरशी संबंध नाही, उच्चार तेवढा तोच!) बहुतेक वर्षी तीन-चतुर्थांशाहून अधिक काबर्ने असतो, तर उजव्या काठावरचे पेत्रुस जवळजवळ निव्वळ मेर्लोचे असते. त्याच काठावर शव्हाल ब्लाँ येथे काबर्ने फ्राँ आणि मेर्लो यांची जोडी असते. मातीतील अमुक एक क्षार वाइनमध्ये उतरतो असे पुष्कळदा लिहिले जाते. आम्हाला ते पटत नाही. बोर्दो विद्यापीठातील जेरार सेगाँ यांच्या अभ्यासातून दिसले ते असे की, मातीच्या रासायनिक घटकांपेक्षा ती वेलीला पाणी किती आणि केव्हा देते, हे अधिक महत्त्वाचे ठरते.

चिलीतील 'मेर्लो'

वेळापत्रक किती महत्त्वाचे असते याचा पुरावा दूर दक्षिण अमेरिकेत मिळाला. एकोणिसाव्या शतकात बोर्दोहून चिलीत वेलींच्या काड्या नेण्यात आल्या होत्या. नंतर मुळांवरील फायलोक्सेरा किडीने फ्रान्समधील बागा उद्ध्वस्त केल्या. पुढे अमेरिकी खुंटांवर कलमे करून त्या पुन्हा उभ्या राहिल्या, परंतु कमी धरणारा आणि फार उशिरा पिकणारा कार्मनेर कोणी फारसा लावला नाही. बोर्दोतून तो जवळजवळ नाहीसा झाला. चिलीत 'मेर्लो' म्हणून जे काही वाढत होते त्याच्या वाइनला मात्र एक विचित्र हिरवट वास यायचा, आणि बागेतल्या काही वेली इतरांपेक्षा कितीतरी उशिरा पिकायच्या. १९९४ साली फ्रेंच तज्ज्ञ झाँ-मिशेल बूर्सिको तेथे गेले असता त्यांनी पाने आणि फुले पाहून सांगितले की, हा मेर्लो नव्हे, हा कार्मनेर आहे!

दोन्ही वाण एकाच बागेत सरमिसळ लावलेले आणि एकाच दिवशी तोडलेले. मेर्लो पिकला म्हणून तोडणी केली की कार्मनेर कच्चा राही. कार्मनेरसाठी थांबावे तर मेर्लो अति पिके. हेही मिश्रणच होते, पण बागेत आपोआप झालेले. बोर्दोत आज मिश्रण बागेत होत नाही. प्रत्येक वाण, आणि मोठ्या मळ्यांत प्रत्येक तुकडा, ज्याच्या त्याच्या वेळेला तोडतात, वेगळ्या टाकीत आंबवतात आणि नंतर एकत्र करतात.

तीन गणिते

आता रसायनशास्त्राकडे वळू. द्राक्षरसातील साखरेचे यीस्ट मद्यार्कात रूपांतर करते. लाल वाइनमध्ये रस, साली आणि बिया एकत्रच आंबवतात, कारण रंग सालीत असतो. बाजारातले काळे शरद सीडलेस द्राक्ष कापून पाहिले तर गर फिकट हिरवाच दिसतो. म्हणून मण्याचा आकार महत्त्वाचा ठरतो. मणी गोल धरला तर त्याचे पृष्ठफळ भागिले घनफळ म्हणजे ६ भागिले व्यास. समजा, एका वाणाचा मणी १२ मिलिमीटर व्यासाचा आणि दुसऱ्याचा १५ मिलिमीटर आहे. तर तेवढ्याच रसामागे पहिल्यात सव्वापट साल येते. काबर्नेचे मणी लहान आणि जाड सालीचे असतात. त्यामुळे त्यात रंग आणि तुरटपणा देणारी टॅनिने भरपूर उतरतात. मेर्लोचे मणी मोठे, साल पातळ, साखर अधिक, आम्ल कमी. हिरडा किंवा कच्चे जांभूळ खाल्ल्यावर तोंड जसे कोरडे पडते तसा परिणाम टॅनिनाचा असतो. ते लाळेतील प्रथिनांना चिकटते. निव्वळ काबर्नेची कोवळी वाइन अशी तुरट असते. मेर्लोमुळे ती मऊ होते.

आता मिश्रणाचे पहिले गणित सोपे आहे. मद्यार्काचे प्रमाण सरासरीनेच येते. लिटरमागे सुमारे १७ ग्रॅम साखरेपासून एक टक्का मद्यार्क होतो. १४ टक्क्यांचा मेर्लो आणि १२.५ टक्क्यांचा काबर्ने निम्मे-निम्मे घेतले की १३.२५ टक्के. मिश्रण येथे खरोखरच सरासरी आहे.

दुसरे गणित वासाचे. काबर्ने, काबर्ने फ्राँ आणि कार्मनेर यांच्या कच्च्या फळात मेथॉक्सिपायराझिन गटातील एक संयुग असते. ढोबळ्या मिरचीचा वास त्याचाच. फळ पिकेल आणि त्यावर ऊन पडेल तसे ते घटते. माणसाच्या नाकाला ते लाल वाइनमध्ये लिटरमागे सुमारे १५ नॅनोग्रॅम असले तरी जाणवते. हे प्रमाण म्हणजे ऑलिंपिक आकाराचे ४०० पोहण्याचे तलाव भरून घेतले आणि त्या सर्वांत मिळून १५ ग्रॅम टाकले, इतके अल्प! समजा, थंड वर्षीच्या काबर्नेत ते २० नॅनोग्रॅम आहे आणि पिकलेल्या मेर्लोत ४. साठास चाळीस प्रमाणात मिसळले तर १२ अधिक १.६, म्हणजे १३.६. आकडा सरासरीनेच आला. पण तो नाकाच्या उंबरठ्याखाली गेला आणि मिरचीचा वास 'कमी' न होता नाहीसाच झाला. काबर्नेचा वाटा सत्तर टक्के केला असता तर बेरीज १५.२ झाली असती आणि वास परत आला असता. दहा टक्क्यांच्या फरकाने वाइन एकदम वेगळी वाटते, ती या उंबरठ्यामुळे.

तिसरे गणित रंगाचे, आणि सर्वांत रंजकही तेच आहे. लाल रंग अँथोसायनिन या रंगद्रव्यांचा. जांभळाच्या रसात लिंबू पिळले तर तो लाल होतो आणि खायचा सोडा टाकला तर निळसर, हा प्रयोग आपण वर्गात करतोच. वाइनचा सामू साधारण ३.५ च्या आसपास असतो, आणि त्या सामूला अँथोसायनिनाचे बहुतेक रेणू रंगहीन रूपात असतात. मग कोवळी वाइन इतकी गडद कशी? कारण काही रंगहीन फिनॉल संयुगे अँथोसायनिनाच्या चपट्या रेणूंना बिलगून बसतात, पाण्याचे रेणू दूर ठेवतात आणि त्यांचा रंग टिकवतात. कोवळ्या लाल वाइनच्या रंगाचा ३० ते ५० टक्के भाग अशा जोडीमुळे येतो, असे डेव्हिस येथीलच रॉजर बोल्टन यांनी २००१ साली मांडले. एका वाइनमध्ये रंगद्रव्य पुष्कळ पण जोडीदार कमी, आणि दुसरीत जोडीदार पुष्कळ पण रंगद्रव्य कमी, अशी स्थिती असेल, तर दोन्ही मिसळल्यावर रंग दोहोंच्या सरासरीपेक्षा गडद येऊ शकतो. उलट जोड्या विरळ झाल्या तर तो अपेक्षेपेक्षा फिकाही पडतो. पती व्हेर्दोसारखा गडद, आंबट आणि टॅनिनयुक्त वाण दोन-चार टक्केच घातला तरी फरक दिसतो.

सामूही सरासरीने चालत नाही. ३ आणि ४ सामूची, तीव्र आम्लाची दोन साधी द्रावणे समप्रमाणात मिसळली तर ३.५ नव्हे, सुमारे ३.२६ सामू येतो. लॉगॅरिदम शिकलेल्या विद्यार्थ्यांना हे उदाहरण अवश्य द्यावे. वाइनमध्ये टार्टरिक आम्लाबरोबर त्याचे क्षारही असतात आणि ते सामूतील बदल रोखून धरतात, त्यामुळे तेथे हे सूत्र जसेच्या तसे लागू पडत नाही. मिसळून मोजणे हाच मार्ग.

म्हणून मिश्रण कागदावर ठरवता येत नाही. किण्वन संपले, नंतर जिवाणूंनी तीव्र मॅलिक आम्लाचे सौम्य लॅक्टिक आम्ल केले, की हिवाळ्यात प्रत्येक टाकीतील नमुने टेबलावर मांडतात. मोजपात्राने ठरावीक प्रमाणात मिसळतात, पेल्यांवर नुसते क्रमांक टाकतात, चाखून थुंकतात आणि पुन्हा प्रमाण बदलतात. हे आठवडेच्या आठवडे चालते. बोर्दोचे प्रसिद्ध वाइनतज्ज्ञ एमिल पेनो (१९१२-२००४) यांनी या कामात प्रयोगशाळेची शिस्त आणली. सर्वांत चांगल्या टाक्या एकत्र केल्या की सर्वांत चांगली वाइन होते, हा समज येथे टिकत नाही. एकटी चाखता उणी वाटणारी आंबट, कडक टाकी मिश्रणात जागा मिळवते आणि एखादी गोडस, मोहक टाकी बाहेर राहते. बाहेर राहिलेल्या टाक्यांतून मळ्याची दुय्यम वाइन बनते. शातो लातूरने अशी वाइन १९६६ सालच्या पिकापासून काढली. अर्थात कुजक्या घडांवर मिश्रणाचा इलाज नाही. कूज पसरवायलाही मिश्रण तितकेच समर्थ असते.

बदललेली हवा

या सगळ्या व्यवस्थेचा पाया म्हणजे काबर्ने कधी कधी पिकत नाही आणि मेर्लो नेहमी आधी पिकतो. १९५६ च्या फेब्रुवारीतील भीषण थंडीने लाखो वेली मेल्या. तेव्हा मालबेकच्या जागी अनेकांनी भरवशाचा म्हणून मेर्लो लावला. आज बोर्दोतील लाल वाणांच्या निम्म्याहून बऱ्याच अधिक क्षेत्रावर मेर्लोच आहे. पण गेल्या चाळीस वर्षांत तेथील हवा तापली आहे. पूर्वी १२ टक्के मद्यार्क येण्यासाठी रसात साखर घालावी लागे. आता मेर्लो सहज १४ च्या पुढे जातो. ऑगस्टच्या उन्हात साखर झपाट्याने वाढते, आम्ल घटते, पण साल आणि बिया त्या वेगाने पक्व होत नाहीत. शिवाय हिवाळा उबदार झाल्याने डोळे आणखी लवकर फुटतात आणि एप्रिलच्या गारठ्यात सापडतात. २०१७ साली असेच झाले आणि बोर्दोचे उत्पादन सुमारे ४० टक्क्यांनी घटले. जो वाण विमा म्हणून लावला, तोच आता जोखमीचा झाला आहे.

वेल काही गहू नव्हे की पुढच्या हंगामात बदलता येईल. लावल्यापासून पीक हाती यायला तीन-चार वर्षे, आणि नंतर तीस-चाळीस वर्षे तीच वेल. म्हणून २००९ साली बोर्दोजवळ संशोधकांनी ५२ वाण शेजारशेजार लावले. ते केव्हा फुटतात, केव्हा फुलतात, मण्यांत पाणी केव्हा उतरते, याची नोंद वर्षानुवर्षे घेतली जात आहे. २०२१ साली फ्रान्सच्या अधिकृत संस्थेने आरिनारनोआ, कास्ते, मार्सलाँ आणि पोर्तुगालचा तुरीगा नासिओनाल हे चार नवे लाल वाण मान्य केले. अट अशी की, ते बागेच्या ५ टक्के क्षेत्राहून अधिक नकोत आणि अंतिम मिश्रणात १० टक्क्यांहून अधिक नकोत. शिवाय ही मुभा 'बोर्दो' आणि 'बोर्दो सुपेरिअर' या सर्वसाधारण नावांपुरतीच आहे. मेडॉक, पोमेरोल यांसारख्या नामवंत भागांना जुन्या सहा वाणांतच उत्तर शोधायचे आहे. तेथे काबर्ने आणि काबर्ने फ्राँ यांचा वाटा वाढवला जात आहे. पती व्हेर्दो पूर्वी थोड्याच वर्षी पुरता पिकत असे, आणि म्हणूनच अनेकांनी तो उपटून टाकला होता. आता तो जवळजवळ दरवर्षी पिकतो आणि मेडॉकमध्ये पुन्हा लावला जाऊ लागला आहे.